लघाटे हयात आहेत

डीननी खुर्ची स्वतः पुढे ओढून दिली, तेव्हाच विद्युल्लताला कळलं की बातमी काही चांगली नाही.

"बसा, मॅडम," डॉ. संताजी मोहिते म्हणाले. देवासच्या या मेडिकल कॉलेजात ते डीन होऊन दोनच वर्षं झाली होती आणि माणूस सज्जन होता. "बघा, तुम्ही शिकवता ना, त्याला तो जवाबच नाही. पोरं फार्माकोलॉजीचा तास बंक करत नाहीत, हे मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. पण प्रोफेसरच्या पोस्टला आता कमेटी आधी नेटवर नाव टाकून बघते. तुमचे पेपर अकरा. आणि सायटेशन..." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "एकोणतीस."

सायटेशन म्हणजे आपला शोधनिबंध वाचून दुसऱ्या कुणी संशोधकाने आपल्या निबंधात त्याचा दिलेला हवाला. अकरा निबंधांचे मिळून एकोणतीस हवाले म्हणजे जवळजवळ कुणी वाचलंच नाही असं. विद्युल्लताला याचं आश्चर्य वाटलं नाही. घरातल्या वेगवेगळ्या चमच्यांनी मुलांना औषध किती कमी-जास्त जातं, नवशिके डॉक्टर चिठ्ठी लिहिताना कुठे चुकतात, असले तिचे विषय. कामाचे, पण जगाने डोक्यावर घ्यावे असे नव्हेत.

"सर, त्यात चार माझे मीच दिलेले आहेत," ती म्हणाली.

डीनना हसू आवरलं नाही. ती पण हसली. इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात होता. "बघू या," डीन म्हणाले, आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी लगेच दुसरं काम सोपवलं. गुरुवारी पुण्याहून एक पाहुणे व्याख्यानाला येणार होते, त्यांची व्यवस्था. हॉल, माईक, चहा, कचोरी. असली कामं कॉलेजात नेहमी विद्युल्लताकडेच यायची, कारण ती ती नीट करायची.

*

विद्युल्लता माहेरची लघाटे, धारची. इंदूरला एम.डी. करत असताना, आता त्याला पंचवीस वर्षं होत आली, तिने एक वेडं काम केलं होतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक स्वस्तातली गोळी सरकारी दवाखान्यांत सर्रास देत. पुस्तकात तिचा डोस लिहिलेला होता, पण पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं निमाड पाहिलेलं नव्हतं. धारहून गुजरीचा घाट उतरून धामनोदला गेलं की हवा एकदम भट्टीसारखी लागते. त्या उन्हात दिवसभर कापसाच्या रानात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून पाणी आणि मीठ आधीच निघून जातं. वर ती गोळी. विद्युल्लताला शंका आली की म्हातारी माणसं शेतात चक्कर येऊन पडतात ती नुसत्या उन्हाने नव्हे, आपल्या गोळीने पण पडतात.

मग दोन उन्हाळे ती धारला आई-वडिलांकडे राहिली आणि सकाळच्या बसने धामनोदला जाऊन आरोग्य केंद्राच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली लोकांचे रक्तदाब मोजत बसली. शंका खरी निघाली. उन्हाळ्यात पुष्कळांना अर्धी गोळी पुरत होती, आणि अर्धी घेणारे पडत नव्हते.

निबंध एका लहानशा मासिकाने छापला. त्यावर नाव होतं, वि. चिं. लघाटे. अंक हातात आला तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं, ती सरंजाम्यांची सून म्हणून देवासला आली होती आणि स्वानंदी पोटात होती. पुढे दोनेक वर्षं तिने चौकशी केली, कुणी हवाला दिलाय का म्हणून. कुणीच दिला नव्हता. मग ते मासिकही बंद पडलं. नोकरी लागली ती शिकवायची, त्यात ती रमली, आणि कापसाच्या रानातलं ते काम तिच्या मनातून मागे गेलं. इंटरनेट आल्यावर तिने स्वतःचं नाव शोधलं ते सरंजामे म्हणून. माहेरचं आडनाव टाकून बघावं असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

*

गुरुवारी हॉल भरला. पाहुणे होते डॉ. प्रणव बेडेकर, चाळिशीच्या आतले, उत्साही, बोलताना एका जागी न राहणारे. विषय होता उष्णतेच्या लाटा आणि औषधं. अलीकडे उन्हाळे असे काही तापायला लागले होते की हा विषय एकदम जगाचा झाला होता. विद्युल्लता मागच्या रांगेत दाराशी बसली, म्हणजे चहावाल्यावर लक्ष ठेवता येईल. शेजारी तिच्याच विभागातला नवा सहायक प्राध्यापक हर्षित होता.

"मॅडम, कचोरी किती मागवली?" त्याने हळूच विचारलं.

"पुरेल. तू ऐक."

प्रणव बेडेकर हिंदीतून बोलत होते. दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी एक नवी स्लाईड लावली आणि थांबले. "अब वो पेपर, जहाँ से हम सबने शुरू किया," ते म्हणाले. "दुनिया में कोई भी इस विषय पर लिखता है, तो पहला हवाला इसी का देता है. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, इराण, सब. पत्रिका तो कब की बंद हो गई, पर किसी ने उसके पुराने अंक नेट पर डाल दिए, तब दुनिया को मिला. छह सौ से ऊपर सायटेशन. और ये काम हुआ कहाँ? यहाँ से दो-ढाई घंटे पर. धामनोद में!"

विद्युल्लता चहाच्या थर्मासकडे बघत होती. तिने मान वर केली.

पडद्यावर तिच्या निबंधाचं पहिलं पान होतं. शीर्षक तिचं, आकृती तिची, तिने स्वतः पट्टी घेऊन आखलेली. खाली नाव, वि. चिं. लघाटे. आणि नावाच्या बाजूला पाहुण्यांनी हौसेने एक छोटी समई काढली होती, ज्योतीसकट.

"लघाटे साहब से मिलने की मेरी बड़ी इच्छा थी," प्रणव म्हणाले. "छपे हुए पुराने पते पर चिट्ठी भेजी, वापस आ गई. इंदूर में पूछताछ की तो किसी बुज़ुर्ग ने बताया कि लघाटे सर तो कब के गुज़र गए. तो आज, उन्हीं के इलाके में, मैं उन्हें प्रणाम करना चाहता हूँ."

त्यांनी खरंच हात जोडले. पुढच्या रांगेत डीननी जोडले. मग सगळ्या हॉलनेच जोडले. हर्षितने पण जोडले आणि विद्युल्लता नुसतीच बसलीय हे बघून तिला कोपराने खुणावलं.

इंदूरला अॅनाटॉमीला एक लघाटे सर होते, ते वारले होते खरे. त्यांचा नि हिचा नात्याने काही संबंध नव्हता. हे सगळं तिच्या ध्यानात आलं, आणि आतून हसू असं काही उसळून आलं की तिने पदर तोंडाला लावला. शेजारच्या ओळीतल्या एका मुलीला वाटलं, मॅडम रडतायत. डोळ्यांत पाणी होतंच म्हणा.

व्याख्यान संपेपर्यंत ती गप्प राहिली. पाहुण्याला मध्येच तोडायचं नाही, हे वळण धारचं. पण पुढचं तिला फारसं ऐकू आलं नाही. कडुलिंबाखालची ती सतरंजी, लोटीतलं कोमट पाणी, "बाई, म्हारो हाथ छोड़, काम पे जानो है" म्हणून ओरडणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे येत होतं. ब्राझील! ब्राझीलमध्ये धामनोद कसं म्हणत असतील?

प्रश्नांची वेळ आली. एक-दोन मुलांनी काही विचारलं. मग विद्युल्लता उभी राहिली.

"प्रश्न नाही, एक छोटीशी दुरुस्ती आहे," ती मराठीतूनच म्हणाली. आडनावावरून पाहुण्यांना मराठी येणार हे उघड होतं. "लघाटे हयात आहेत."

प्रणव बेडेकर दोन पावलं पुढे आले. "काय सांगता! तुम्ही ओळखता त्यांना?"

"लहानपणापासून."

"असतात कुठे? मला आजच्या आज भेटायचंय."

"इथेच आहेत, मागच्या रांगेत. चहाचं बघायचं होतं म्हणून त्यांना पुढे बसता आलं नाही."

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळलं नाही. सगळ्यात आधी कळलं ते डीनना. ते खुर्चीतून अर्धे उठून मागे वळले आणि ओरडले, "मॅडम! आप?"

"लग्नाआधी लघाटे होते, सर. विद्युल्लता चिंतामणी लघाटे."

मग जो काही गलका झाला! पोरांनी बाकं बडवली. हर्षित टाळ्या वाजवता वाजवता "मॅडम, अरे मॅडम" एवढंच म्हणत राहिला. प्रणव बेडेकर मंचावरून उडी मारून खाली आले आणि थेट तिच्या पायांशी वाकले.

"अहो, काय करता!" ती मागे सरली. "आधी ती समई काढा बघू पडद्यावरून."

समई निघाली. प्रणवनी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि माईक दिला. "एकच विचारतो. गेली कित्येक वर्षं मनात आहे," ते म्हणाले. "जगभर रक्तदाब आधी आडवं झोपवून मोजतात, मग उभं करून. तुम्ही लोकांना उकिडवं बसवलंत आणि तिथून उभं केलंत. आज याला लघाटे पद्धत म्हणतात. कारण शेतातला माणूस झोपलेला नसतो, खुरपत बसलेला असतो. हे त्या काळात तुम्हाला सुचलं कसं?"

विद्युल्लताने माईक जरा लांब धरला. खरं सांगावं की नाही, हा विचार फार वेळ टिकला नाही.

"केंद्रात खाट एकच होती," ती म्हणाली. "तिच्यावर उमाबाई झोपलेल्या असत. उमाबाई म्हणजे तिथल्या नर्स. रात्रभर बाळंतपणं करायच्या. त्यांना उठवायची माझी छाती नव्हती."

हॉल हसून लोटपोट झाला. हसणं ओसरल्यावर ती पुढे म्हणाली, "म्हणून पहिले काही दिवस मी लोकांना नाइलाजाने खाली बसवत होते. मग एक दिवस एक आजी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या, त्या उठल्या आणि माझ्याच अंगावर कोसळल्या. आडवं झोपवून मोजलं असतं तर त्यांचा आकडा चांगला आला असता कदाचित. तेव्हा मला कळलं की खाट नव्हती तेच बरं झालं. त्यानंतर उमाबाईंची खाट रिकामी असली तरी मी वापरली नाही."

बाहेर चहा गार होत होता, कचोऱ्या मऊ पडत होत्या. त्या दिवशी कुणाचीही तक्रार आली नाही.

*

संध्याकाळी घरी मयुरेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सगळं दोनदा ऐकलं. बँकेतला माणूस, त्याला आकडा कळला. "सहाशे? आणि तू चाळीस रुपयांची साडी पिन घेतानासुद्धा भाव करतेस?"

"अहो, त्याचे पैसे नाही मिळत."

"अगं, मिळोत न मिळोत. सहाशे म्हणजे सहाशे!"

स्वानंदी इंदूरला इंजिनिअरिंग करून आता घरूनच काम करत होती. तिने लॅपटॉप ओढला. "आई, तू तो फेमस निकली! थांब, तुझे दोन्ही नावं मर्ज करते." मराठी बोलायची ती अशीच, आणि वाचायची त्याहून बेताची. पण असल्या कामात तिचा हात कुणी धरला नसता.

काम मात्र वाटलं तितकं सोपं नव्हतं. लघाटे आणि सरंजामे ही एकच व्यक्ती आहे हे हवाले मोजणाऱ्या त्या परदेशी संकेतस्थळाला पटेना. तुम्ही दुसऱ्याचे निबंध आपल्या नावावर घेत आहात, असा इशारा त्याने तीनदा दिला. विवाहाचा दाखला पाठवला, तर तो हिंदीत असल्याने परत आला. शेवटी प्रणव बेडेकरांनी पुण्याहून लिहून कळवलं, "मी या बाईंना प्रत्यक्ष पाहिलं आहे, त्या जिवंत आहेत," तेव्हा कुठे दोन विद्युल्लतांची एक झाली.

स्वानंदीने पान उघडलं आणि आनंदाने किंचाळली, मग एकदम हिरमुसली. "आई, टोटल तो मस्त झाला. पण ये एच-इंडेक्स? चार होता, पाच झाला बस! इतकी मेहनत करून एकच नंबर वाढला?"

"अगं, तो असाच असतो, किती निबंध सारखेच गाजले ते बघतो. घरातल्या एका पोराला शंभर टक्के पडले म्हणून सगळं घर हुशार ठरत नाही ना? बाकीचे निबंध माझे बेताचेच आहेत." विद्युल्लता हसत म्हणाली. "पण चमच्यांचा चांगला आहे हं. तो वाचायला पाहिजे कुणीतरी."

"मी वाचते," घाईत मयुरेशच्या तोंडून निघालं.

"बाबा, 'वाचतो'," स्वानंदीने त्याला टोकलं, आणि तिने कुणाचं मराठी सुधारावं या गोष्टीचंच तिघांना इतकं हसू आलं की आमटी उतू गेली.

*

रविवारी तिघं धारला गेली. विद्युल्लताचे वडील चिंतामणराव यांना सगळी गल्ली तात्यासाहेब म्हणे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले, पण कान अजून तिखट असलेले. एकटे राहत, पण दिवसभर कुणी ना कुणी ओट्यावर असेच.

फोनवर तिने काहीच सांगितलं नव्हतं. समोर बसून सांगितलं. तात्यांनी समईचा भाग परत सांगायला लावला आणि गुडघ्यावर थाप मारून हसले. मग गंभीर झाले.

"सहाशे लोकांनी वाचलं, ठीक. वाचून त्यांनी केलं काय, ते सांग."

तिने प्रणवनी दाखवलेलं एकेक आठवून सांगितलं. कुठे उसाच्या मळ्यात काम करणाऱ्यांची गोळी उन्हाळ्याआधी तपासून कमी करायला लागले होते. कुठे गावच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना आधी उकिडवं बसवून, मग उभं करून बघत. एका ठिकाणी तर दवाखान्याच्या भिंतीवर चित्रच रंगवलं होतं, बसलेला माणूस आणि उभा माणूस.

तात्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे कुणीतरी कुठेतरी पडायचं राहिलं," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी म्हणायचो, पोरगी उन्हात काळी पडते आहे, कशाला जाऊ देतेस. ती म्हणायची, जाऊ द्या हो, तिला काही सापडलंय." त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "तिला कळलं होतं. मला गणित येत होतं, पण हे तिला आधी कळलं."

विद्युल्लताने त्यांचा हात धरला. मग तात्या उठलेच. कोट चढवला, ओट्यावर आले आणि समोरच्या किराणावाल्याला हाक मारली. "अहो भिया! आमच्या विदूला सहाशे हवाले मिळाले!"

दुकानदार गल्ल्यावरून उठून धावत आला. "तात्यासाहेब, धीरे बोलो! हवाला? विदू दीदी को? पुलिस तो नहीं आई?"

त्याला समजावेपर्यंत निम्मी गल्ली जमली. काळ्या पैशाच्या हवाल्याशी याचा संबंध नाही, हे पटल्यावर मग त्यानेच जिलब्या मागवल्या. कुणीतरी पोहे आणले. इनाम कुठून मिळालं, सरकारकडून का, असं जो तो विचारत होता, आणि तात्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होते. प्रत्येक खेपेला सहाशेत थोडी भर पडत होती. दुपारपर्यंत आकडा हजारावर गेला. विद्युल्लताने दुरुस्त केलं नाही.

*

इंटरव्ह्यूला कमेटीतल्या एका सदस्याने विचारलं, "इतके वर्ष तुम्हाला हे माहीतच नव्हतं?"

"नव्हतं, सर. मी शिकवत होते."

डीन मध्ये म्हणाले, "ते पण लिहून घ्या."

पोस्ट मिळाली. दारावरची पाटी बदलायची तेव्हा नाव काय लिहू, असं सुताराने विचारलं. तिने मयुरेशला फोन लावला. तो म्हणाला, "दोन्ही लिही की. पाटीला जागा आहे."

पण तिला जास्त आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रणव बेडेकरांना आता नवा अभ्यास करायचा होता. तीच गोळी, पण आजच्या उन्हाळ्यात, आणि सोबत साखरेची नवी औषधं घेणाऱ्या माणसांमध्ये. जागा कुठली घ्यायची असं त्यांनी विचारलं, तेव्हा विद्युल्लता म्हणाली, आमच्या देवास जिल्ह्यात लोहारदा म्हणून आहे. मोठी मंडी भरते. लोक आपणहून येतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती आणि हर्षित सकाळीच लोहारद्याला पोचले. मंडीच्या कडेला एका शेडखाली बसले. हर्षितने नवंकोरं यंत्र मांडलं, टोपी घातली, गॉगल लावला. पहिला तास कुणी फिरकलंच नाही. मग डोक्यावर मुगाचं पोतं घेतलेली एक म्हातारी थांबली. तिने पोतं खाली टाकलं आणि दोघांना निरखून बघितलं.

"कई बेचे है?" तिने विचारलं.

"कुछ नहीं, माजी. बीपी देखते हैं," विद्युल्लता म्हणाली. "नाम क्या आपका?"

"गुड्डी."

गुड्डी म्हणजे बाहुली, लहान पोरीचं नाव; हर्षितने यंत्रावरून मान वर केली आणि त्याला हसू फुटलं. सत्तरी पार केलेल्या गुड्डीबाईंनी त्याच्याकडे बघून डोळे वटारले. "कई हँसे है? म्हारी माँ ने धर्यो थो यो नाम."

"बहुत अच्छा नाम है, माजी. बैठिए. कुर्सी पर नहीं, नीचे. जैसे खेत में बैठती हैं, वैसे."

गुड्डीबाई सहज उकिडव्या बसल्या. विद्युल्लता स्वतःही तिच्यासमोर तशीच बसली. गुडघे कुरकुरले, साडीला धूळ लागली. तिने म्हातारीच्या सुकलेल्या दंडाला पट्टा गुंडाळला. आजूबाजूला आणखी चार-सहा जण येऊन उभे राहिले, बाईचं काय चाललंय ते बघायला.

"अब उठिए," विद्युल्लता म्हणाली. "धीरे से. मैं पकड़ती हूँ."

"तू म्हने पकड़ेगी?" गुड्डीबाई खदखदून हसल्या. "पेला तू तो उठ!"

मंडीतले सगळे हसले. हर्षितने दोघींना हात दिला आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या.